ग्रंथालयात नवे काय आले हे कळायचे कसे? वेब फीडचा वापर

महाविद्यालयाच्या, विद्यापीठाच्या किंवा शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात वर्षभर नवी पुस्तके येत असतात. पुस्तक विकत घेतले जाते, दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक पडतो, शिक्का बसतो, संगणकावर नोंद होते आणि ते मांडणीवर जाते. हे सगळे मुकाट्याने घडते. फार तर दारातल्या काचेच्या कपाटात दहा-वीस नवी पुस्तके आठवडाभर दिसतात. त्या आठवड्यात जो ग्रंथालयात गेला त्याला ती कळतात. दिवसा काम करून संध्याकाळी अभ्यास करणारा, बहिःस्थ परीक्षा देणारा किंवा तालुक्याहून महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या गावी येणारा तरुण मात्र त्यांना मुकतो.

आपल्या विषयांच्या बाबतीत हे नुकसान मोठे आहे. बौद्ध, आंबेडकरी आणि जातिव्यवस्थेविषयीची बरीच पुस्तके लहान प्रकाशक काढतात. प्रती थोड्या असतात आणि आवृत्ती संपली की पुस्तक बाजारात मिळत नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांचीही हीच अडचण झाली आहे. या खंडांच्या रखडलेल्या छपाईची दखल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. अशा वेळी जवळच्या ग्रंथालयात आलेली एक प्रतसुद्धा मोलाची असते, आणि ती आली आहे हे वेळेत कळणे त्याहून मोलाचे.

हे घरबसल्या आणि फुकट कळण्याची सोय बऱ्याच ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचीत आधीपासून आहे. तिला वेब फीड म्हणतात. नारिंगी चौकोनात एक ठिपका आणि त्यावर दोन कमानी असे तिचे चिन्ह असते. आपण ते अनेकदा पाहिलेले असते, पण त्याचे करायचे काय हे कोणी सांगितलेले नसते. या लेखात ते सांगतो. आणि हे साधन स्वतःच्या वाचनापलीकडे, ग्रंथालयात काय येते आणि काय येत नाही यावर लक्ष ठेवायलाही कसे उपयोगी पडते, तेही पाहू.

फीड म्हणजे काय?

फीड ही संगणकाला वाचता येईल अशा पद्धतीने लिहिलेली एक साधी यादी असते. यादीतल्या प्रत्येक नोंदीत शीर्षक, दुवा, थोडक्यात वर्णन आणि सहसा तारीख असते. संकेतस्थळावर नवे काही आले की यादीत नवी नोंद पडते. आपल्या फोनवर किंवा संगणकावर ‘फीड रीडर’ नावाचे ॲप असते. ते ठरावीक वेळाने ही यादी उघडून पाहते आणि मागच्या वेळी नसलेली नोंद दिसली की ती आपल्यापुढे ठेवते. वर्तमानपत्र टाकणारा पोरगा जसा सकाळी दारात अंक टाकून जातो, तसेच हे काम.

या यादीच्या दोन पद्धती रूढ आहेत, आरएसएस आणि ॲटम. वाचकाच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही, कारण सगळे रीडर दोन्ही वाचतात. आरएसएसची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाली. डिसेंबर २००० मध्ये आलेल्या आरएसएस १.० च्या रचनेत ॲरन स्वार्ट्झ या अवघ्या चौदा वर्षांच्या मुलाचा सहभाग होता. हाच ॲरन पुढे ज्ञान सर्वांना खुले असावे म्हणून लढला. जेस्टोर या शोधनिबंधांच्या संग्रहातून लाखो लेख उतरवून घेतल्याबद्दल अमेरिकेत त्याच्यावर खटला भरण्यात आला. तो खटला प्रलंबित असतानाच जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने आपले आयुष्य संपवले.

त्याच वर्षी १ जुलैला गूगलने आपला लोकप्रिय ‘गूगल रीडर’ बंद केला आणि फीड संपले असा अनेकांचा समज झाला. ते संपलेले नाहीत. आपण ऐकतो ते पॉडकास्ट आजही आरएसएसवरच चालतात. वृत्तपत्रे, ब्लॉग, यूट्यूब वाहिन्या आणि ग्रंथालयांच्या सूची या सगळ्यांच्या पोटात फीड चालू असते.

समाजमाध्यमांपेक्षा फीड वेगळे कुठे पडते? फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर आपल्याला काय दिसावे हे कंपनी ठरवते. फीडमध्ये जे आले ते सगळे, आलेल्या क्रमाने दिसते. कोणती नोंद वर आणायची आणि कोणती दाबायची हे ठरवणारा मध्ये कोणी नसतो. ग्रंथालयाचे फीड घेण्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि फोन नंबरही द्यावा लागत नाही. नको असेल तेव्हा आपल्या रीडरमधून काढून टाकले की झाले.

सुरुवात कशी करावी?

आधी एक रीडर निवडा. अँड्रॉइड फोनवर ‘फीडर’ हे मुक्त स्रोत ॲप आहे, आयफोनवर ‘नेटन्यूजवायर’. फोन आणि संगणक दोन्हींवर तीच यादी हवी असेल तर ‘फीडली’ किंवा ‘इनोरीडर’ यांचे मोफत खाते पुरते. संगणकावर ‘थंडरबर्ड’ वापरत असाल तर त्यात ईमेलबरोबर फीडही वाचता येतात.

मग ग्रंथालयाची ऑनलाइन सूची उघडा. ग्रंथपाल तिला ‘ओपॅक’ म्हणतात. भारतातल्या अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत ‘कोहा’ ही प्रणाली आहे, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. न्यूझीलंडमधल्या एका लहान सार्वजनिक ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ मध्ये ती तयार करण्यात आली आणि जानेवारी २००० पासून वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती मुक्त स्रोत आहे, म्हणजे वापरायला परवान्याचे पैसे लागत नाहीत.

कोहाच्या सूचीत पुढील पायऱ्यांनी जा:

१. शोधाच्या चौकटीत आपला विषय टाका. उदाहरणार्थ, ‘आंबेडकर’.

२. निकालांच्या पानावर, किती पुस्तके सापडली हे जिथे लिहिलेले असते त्याच्या जवळ, नारिंगी चिन्ह शोधा. त्यावर बोट किंवा माउस धरला की ‘या शोधाचे फीड घ्या’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते.

३. त्या चिन्हाचा दुवा कॉपी करा. फोनवर चिन्हावर बोट दाबून धरले की ‘कॉपी लिंक’ येते.

४. रीडरमध्ये अधिकच्या चिन्हावर जाऊन तो दुवा चिकटवा. फीडला स्वतःला समजेल असे नाव द्या, जसे ‘विद्यापीठ – आंबेडकर’.

काम झाले. फीडसोबत आपला अख्खा शोध जोडला गेला. या शोधात बसणारे पुस्तक ग्रंथालयात दाखल झाले की ते रीडरमध्ये दिसेल. कोहा या फीडमध्ये दाखल तारखेप्रमाणे सर्वांत नवी पुस्तके आधी देते. साधारणपणे एका वेळी ५० नोंदी येतात, ग्रंथपाल हा आकडा बदलू शकतात. म्हणून पहिल्या दिवशी एकदम ५० पुस्तके आली तर गोंधळू नका. ती आधीपासून असलेली पुस्तके आहेत. एकदा चाळा, ‘सर्व वाचले’ करा. त्यानंतर येईल ते खरोखर नवे.

एक तपासणी मात्र आधी करा. काही महाविद्यालयांचे ओपॅक फक्त आवारातल्या नेटवर्कवर उघडते. घरी येऊन मोबाइल डेटावर ते उघडते का पाहा. उघडत नसेल तर बाहेरून फीडही मिळणार नाही. ओपॅक बाहेरून खुले करावे, अशी मागणी तिथे विद्यार्थ्यांनी ग्रंथालय समितीकडे लेखी करायला हरकत नाही.

शब्द कोणता टाकायचा? खरी मेख इथे आहे

फीड घेणे पाच मिनिटांचे काम आहे. कोणत्या शब्दाचे फीड घ्यायचे यावर मात्र डोके खर्च करावे लागते. संगणक अर्थ ओळखत नाही, तो अक्षरे जुळवतो. सूचीत पुस्तक ज्या अक्षरांनी नोंदले आहे, त्याच अक्षरांनी ते सापडते.

पहिली अडचण शुद्धलेखनाची. ‘बौद्ध’ बरोबर आणि ‘बौध्द’ चूक, पण सूचींमध्ये दोन्ही सापडतात. ‘बुद्ध’ आणि ‘बुध्द’ यांचेही तेच. घाईत टंकलेली एक नोंद आणि पुस्तक कायमचे हरवले अशी गत होते. आडनावाचेही तसेच, कुठे ‘आंबेडकर’ तर कुठे ‘आम्बेडकर’.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतही नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना काही ठिकाणी ‘आ’ हे एक अक्षर न राहता ‘अ’ आणि काना अशी दोन चिन्हे पडतात. पडद्यावर ‘आंबेडकर’ हा शब्द जवळपास तसाच दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो वेगळा शब्द असतो. ‘ॲ’ हे अक्षरही दोन प्रकारे टंकले जाते. शोधून पुस्तक सापडत नाही आणि मांडणीवर मात्र ते असते, यामागे कधीकधी एवढेच कारण असते.

तिसरी अडचण रोमन लिपीची. अनेक सूचींत मराठी पुस्तकांची नावे रोमन अक्षरांत असतात. त्याचे एक कारण अमेरिकेत आहे. तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीत १९६२ पासून कार्यालय आहे आणि ते मराठीसह भारतीय भाषांतली पुस्तके गोळा करून त्यांच्या नोंदी तयार करते. तयार नोंद मिळत असेल तर जगभरातले ग्रंथपाल ती आपल्या सूचीत उतरवून घेतात. या नोंदींच्या रोमन लेखनाची पद्धत ठरलेली आहे. तिच्यात शब्दाच्या शेवटचा न उच्चारला जाणारा ‘अ’ सुद्धा लिहितात. त्यामुळे ‘दलित’ या शब्दाच्या शेवटी रोमन ‘ए’ लागतो. ‘बाबासाहेब’ आणि ‘आंबेडकर’ यांच्याही शेवटी तो लागतो, आणि ‘आंबेडकर’मध्ये ‘ड’नंतरही एक ‘ए’ येतो. आपण नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने शोधले तर मराठी शीर्षकातले हे रूप जुळत नाही.

चौथी अडचण विषयशीर्षकांची. ग्रंथपाल प्रत्येक पुस्तकाला ठरावीक यादीतून विषयाचे शीर्षक देतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीवरून केलेल्या जुन्या नोंदींत आपल्या समाजाविषयीची पुस्तके ‘अनटचेबल्स’ या इंग्रजी शब्दाखाली आढळतात, नंतरच्या नोंदींत ‘दलित्स’ शब्द येतो. समाजाने स्वतःसाठी निवडलेले नाव जगाच्या ग्रंथसूचीत पोहोचायला वेळ लागला. जुन्या नोंदी सगळीकडे दुरुस्त झालेल्या नाहीत आणि जुनी पुस्तके आजही नव्याने दाखल होत असतात. म्हणून आपल्याला तो शब्द कितीही खुपला तरी शोधासाठी तोही वापरावा लागतो.

उपाय काय? कोहाच्या प्रगत शोधात ‘अधिक पर्याय’ उघडले की शब्दांच्या मध्ये ‘आणि’, ‘किंवा’, ‘नको’ अशा अर्थाचे पर्याय मिळतात. ‘बौद्ध किंवा बौध्द’, ‘दलित किंवा त्याचे रोमन रूप’ असा एकत्र शोध करा आणि त्याचे फीड घ्या. चारपाच रूपे एकाच फीडमध्ये बसतात.

याहून पक्का उपाय आकड्यांचा आहे. बहुतेक ग्रंथालये पुस्तकांना ड्युई दशांश वर्गीकरणाचा क्रमांक देतात आणि पुस्तकाच्या पाठीवर तोच चिकटवलेला असतो. शुद्धलेखन चुकले, लिपी बदलली तरी क्रमांक तोच राहतो. आपल्या उपयोगाचे काही क्रमांक असे:

– बौद्ध धर्म आणि तत्त्वज्ञान: २९४.३
– दलित समाजाविषयीचा समाजशास्त्रीय अभ्यास: ३०५.५६८८
– मराठी साहित्य: ८९१.४६ (त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३)

प्रगत शोधात ‘कॉल नंबर’ हा पर्याय निवडून २९४.३ टाका (आकडे इंग्रजीतच टाकायचे) आणि त्या शोधाचे फीड घ्या. मराठी, हिंदी, इंग्रजी, पाली अशा कोणत्याही भाषेतले पुस्तक आले तरी ते इथे दिसेल. अर्थात आत्मकथने कुठे चरित्रांत, कुठे साहित्यात ठेवतात, म्हणून शब्दांचे एक फीड आणि क्रमांकांचे एक अशी जोडी ठेवणे चांगले. आपल्या ग्रंथालयाचे वर्गीकरण वेगळे असेल तर मांडणीवरच्या ओळखीच्या चारदोन पुस्तकांच्या पाठी पाहा, क्रमांक लगेच कळतो.

‘नवे’ म्हणजे नेमके काय?

फीडमधले नवे पुस्तक म्हणजे ग्रंथालयात नव्याने दाखल झालेले पुस्तक. ते चाळीस वर्षांपूर्वी छापलेले असू शकते. कोणी आपला संग्रह ग्रंथालयाला दान दिला तर जुनी, दुर्मीळ पुस्तके एकाएकी ‘नवी’ म्हणून येऊ लागतात. अशा दिवशी फीड पाहणाऱ्याचा मोठा फायदा होतो.

कधी एका दिवसात फीड भरून वाहते. जुन्या वहीतल्या नोंदी ग्रंथालय संगणकावर चढवत असेल तर असे घडते. ५० नोंदींची मर्यादा असल्याने, रीडर पुढच्या वेळी यादी पाहीपर्यंत त्याहून जास्त नोंदी पडल्या तर मागच्या निसटतात. असे दिसले तर त्या दिवशी सूचीत जाऊन दाखल तारखेनुसार क्रम लावून प्रत्यक्षच पाहावे.

नोंद दिसली म्हणजे पुस्तक लगेच हातात मिळेल असेही नाही. काही वेळा नोंद आधी होते आणि पुस्तक शिक्के-लेबलांसाठी टेबलावरच असते. दुव्यावर जाऊन प्रत उपलब्ध आहे का पाहा आणि ग्रंथपालांना क्रमांक सांगून विचारा. नेमका क्रमांक घेऊन आलेल्या वाचकाला पुस्तक शोधून देणे त्यांनाही सोपे जाते.

आणखी कुठे फीड मिळतात?

विद्यापीठांचे प्रबंध आणि संस्थांचे लेखसंग्रह ठेवण्यासाठी ‘डीस्पेस’ ही मुक्त प्रणाली जगभर वापरतात. तिच्यात प्रत्येक संग्रहाचे वेगळे फीड देण्याची सोय असते. भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा संग्रह याच प्रणालीवर उभा आहे. अशा संग्रहात आपल्या विभागाच्या पानावर फीडचे चिन्ह आहे का पाहावे. समाजशास्त्र, मराठी, पाली, राज्यशास्त्र यांत काय संशोधन चालू आहे हे एम.ए.च्या विद्यार्थ्याला वेळेत कळले, तर विषय निवडतानाच त्याची दिशा ठरते.

‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली हजारो जुनी भारतीय पुस्तके आहेत आणि त्यांत मराठीही बरीच आहेत. तिथल्या प्रगत शोधातून निकाल आरएसएसच्या रूपात घेता येतात. मात्र तिथे कोणीही काहीही चढवू शकतो. पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त आहे का, आवृत्ती कोणती आहे, पाने पूर्ण आहेत का, हे पाहूनच ते पुढे पाठवावे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या, मुखपृष्ठ आणि प्रकाशन वर्ष नसलेल्या पीडीएफवरून उतारे देण्याची सवय चळवळीला महागात पडते. वादात समोरचा आवृत्ती विचारतो आणि आपल्याकडे उत्तर नसते. ग्रंथालयाच्या नोंदीत प्रकाशक, वर्ष, आवृत्ती सगळे असते.

ज्या ग्रंथालयाला फीडच नाही त्याचे काय?

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य असलेली हजारो ग्रंथालये गावोगावी आहेत. त्यांतल्या बहुतेकांची ऑनलाइन सूची नाही, मग फीड कुठून असणार? विहारांतल्या आणि वस्तीतल्या अभ्यासिकांच्या ग्रंथालयांचे तर दोन वह्या आणि एक कपाट एवढेच भांडवल असते.

इथे आपणच फीड तयार करू शकतो, आणि त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर मोफत ब्लॉग उघडला की त्याचे फीड आपोआप तयार होते. वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहिले की ते मिळते. अभ्यासिकेत पुस्तक आले की ब्लॉगवर एक छोटी नोंद टाकायची: पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, दाखल क्रमांक आणि पुस्तक कशाविषयी आहे याच्या दोन ओळी. मुखपृष्ठाचा फोटो असला तर उत्तम. दहावी-बारावीतल्या मुलामुलींकडे हे काम सोपवले तर पुस्तक हाताळण्याची, त्याची ओळख लिहिण्याची सवय त्यांना लागते. दान देणाऱ्यालाही आपले पुस्तक नोंदले गेल्याचे दिसते आणि विश्वास वाढतो.

पुस्तकांची संख्या हजाराच्या पुढे गेली आणि संगणक हाताळणारे एखादे माणूस असले, तर कोहाचाच विचार करावा. परवान्याचा खर्च नसला तरी सर्व्हर आणि देखभाल लागते, म्हणून जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांशी आधी बोलावे. ग्रंथालयशास्त्र शिकणारे आपले अनेक विद्यार्थी आहेत, त्यांच्यासाठी हा चांगला प्रकल्प होऊ शकतो.

एकट्याने नको, गटाने करा

प्रत्येकाने वीस फीड पाहण्याची गरज नाही. अभ्यासगटातल्या दोघांनी ती जबाबदारी घ्यावी आणि दर रविवारी निवडक पाच पुस्तकांची नावे, ग्रंथालय आणि क्रमांकासह गटावर टाकावीत. रीडरमधली सगळी फीडे ‘ओपीएमएल’ नावाच्या एकाच फाइलमध्ये बाहेर काढता येतात. एकाने चांगला संच बांधला की ती फाइल दुसऱ्या जिल्ह्यातला गट आपल्या रीडरमध्ये जशीच्या तशी घेऊ शकतो आणि तिच्यात आपल्या ग्रंथालयांची भर घालू शकतो. जबाबदारी घेणारा कार्यकर्ता नोकरीला लागून गाव सोडून गेला तरी संच गटाकडे राहतो.

काय येत नाही, तेही पाहा

आतापर्यंत आपण आलेल्या पुस्तकांविषयी बोललो. सहा महिने, वर्षभर फीड पाहत राहिलात की दुसरी गोष्टही दिसू लागते. २९४.३ च्या फीडमध्ये सहा महिन्यांत एकही नोंद पडली नाही. ३०५.५६८८ मध्ये दोनच पडल्या, आणि त्याही इंग्रजी. स्त्रियांची आत्मकथने नाहीत, भटक्या-विमुक्तांविषयी काही नाही. पूर्वी ‘आपल्या ग्रंथालयात आपली पुस्तकेच नाहीत’ अशी तक्रार आपण अंदाजाने करायचो. आता तारखेसह यादी हातात असते.

ही यादी भांडणासाठी आधी वापरू नका, मागणीसाठी वापरा. कोहात सभासद म्हणून लॉग-इन केले की खरेदीसाठी पुस्तक सुचवण्याची सोय असते, मात्र ती ग्रंथालयाने चालू ठेवलेली असायला हवी. नसेल तर साध्या कागदावर लेखक, प्रकाशक, वर्ष आणि किंमत लिहून द्या. बहुतेक ग्रंथपाल अशा नेमक्या मागणीची वाटच पाहत असतात. खरेदी समितीपुढे ठेवायला त्यांना वाचकांच्या सह्यांचा कागद उपयोगी पडतो. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या ग्रंथालयात वारंवार मागूनही दाद लागली नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहेच. तेव्हाही फीडमधून जमवलेली नोंद प्रश्न नेमका विचारायला मदत करते.

आणि मागवलेले पुस्तक आले की ते घरी न्या, वाचा, वेळेत परत करा. देवघेवीच्या नोंदीत जे पुस्तक दिसत नाही, त्याच्या जोडीला दुसरे मागवण्याचे कारण ग्रंथपालांकडे उरत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र पुस्तके वापरासाठी असतात हे सांगते, आणि शेवटचे ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे असे सांगते. ते कोणत्या दिशेने वाढावे हे ठरवण्यात मागणी करणाऱ्या वाचकाचाही वाटा असतो.

बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले तेव्हा आपल्या ग्रंथसंग्रहाचा विचार करून बांधले. एवढा संग्रह घरी करणे आपल्यापैकी फारच थोड्यांना शक्य आहे. बाकीच्यांचे राजगृह म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. तिथे आज कोणते पुस्तक आले, हे माहीत असणे ही त्याच्यावर हक्क सांगण्याची पहिली पायरी आहे. या आठवड्यात एक रीडर, एक ग्रंथालय आणि एक शब्द निवडा. पुढच्या आठवड्यात दुसरा शब्द जोडा. पहिले नवे पुस्तक दिसले की ते आणायला मात्र स्वतः जा.